एकहाती ग्रंथपालांची पहिली बैठक

"गट कोणता?" नोंदणीच्या टेबलामागच्या मुलीनं मान वर न करता विचारलं.

"कसला गट?"

"अभ्यासगट, मॅडम. दुपारच्या सत्रात सगळे आपापल्या गटात बसणार. विद्यापीठ ग्रंथालयं, संगणकीकरण, हस्तलिखितं, वर्गीकरण, बालवाचन. तुमचा कोणता?"

मी विचारात पडले. अकोल्याला ग्रंथपाल संघाचं अधिवेशन होतं आणि मी पहिल्यांदाच आले होते. मेहकरच्या एका अध्यापक विद्यालयात माझी नऊ वर्षं नोकरी झाली होती. विद्यापीठ मी पदवीपुरतं पाहिलं होतं, हस्तलिखित एकही पाहिलं नव्हतं, आणि आमच्या विद्यालयातला एकुलता एक संगणक प्राचार्यांच्या खोलीत फुलाफुलांच्या कापडाखाली झाकलेला असे.

"मी एकटीच असते," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे आमच्या ग्रंथालयात मीच. ग्रंथपाल मी, लिपिक मी, शिपाई मी. सकाळी झाडूही मीच मारते."

तिनं आता मान वर केली. मागे रांग खोळंबली होती. "असा गट नाही मॅडम. वर्गीकरणात घालते," ती म्हणाली आणि माझ्या हातात पिवळी फीत ठेवली.

दुपारी पिवळ्या फितीवाल्यांच्या खोलीत दोन प्राध्यापक एका दशांशचिन्हावरून तासभर भांडले. ते चिन्ह इकडे सरकलं काय किंवा तिकडे, माझ्या दोन हजार पुस्तकांना काही फरक पडणार नव्हता. मी हळूच बाहेर आले. मागच्या पायऱ्यांवर पन्नाशीचा एक उंच, सडपातळ माणूस मांडीवर डबा उघडून घाईघाईनं जेवत होता. त्याच्याही खिशाला पिवळी फीत होती.

"तुम्हालाही वर्गीकरणात घातलं का?" त्यानं विचारलं.

"हो. तुम्हाला का?"

"मी म्हटलं, माझ्याकडे फक्त दोनच वर्ग आहेत. कच्चे कैदी आणि पक्के कैदी. त्यावर त्यांनी वर्गीकरणात घातलं." त्यानं डबा पुढे केला. "घ्या. रामदास नलकांडे. खानदेशातल्या एका कारागृहात शिक्षक आहे. ग्रंथपालही मीच. साडेतीनची एसटी पकडायची आहे म्हणून आत्ता जेवतोय. उद्या मी नसलो तर कपाट उघडणारं कोणी नाही."

मी पायरीवर बसले आणि मेथीचा पराठा घेतला. का कोण जाणे, त्या माणसाला मी ते सगळं सांगून टाकलं जे आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी मला विषमज्वर झाला होता. बावीस दिवस मी घरी पडून होते आणि बावीस दिवस ग्रंथालयाला कुलूप होतं. परत आले तेव्हा माझी खोली परीक्षेच्या बाकांनी भरलेली, आणि पुस्तकं पोत्यांत घालून जिन्याखाली ठेवलेली. प्राचार्य म्हणाले होते, "बावीस दिवसांत एकानंही चौकशी केली नाही हो, मॅडम." ती पुस्तकं पुन्हा लावायला मला पावणेदोन महिने लागले. त्या काळात मी कोणाशी बोलणार होते? प्राध्यापकांच्या खोलीत प्राध्यापक बोलत, कारकुनांच्या खोलीत कारकून. ग्रंथपालाच्या खोलीत मी.

नलकांडे चावायचे थांबले होते. मग म्हणाले, "आपल्यासारखे किती असतील?"

"माहीत नाही. आपण एकमेकांना भेटतो कुठं?"

"मग आपलाच गट का नको?"

त्यांची एसटी सुटायला पाऊण तास होता. तेवढ्यात आम्ही संघाच्या सरचिटणीसांना गाठलं.

सरचिटणीस डॉ. पट्टलवारांच्या ग्रंथालयात त्यांच्या हाताखाली बत्तीस माणसं होती. ठेंगणे, नीटनेटके, सदऱ्याच्या खिशात संघाच्या घटनेची छोटी पुस्तिका कायम. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं, पुस्तिका काढली आणि चष्मा कपाळावर सरकवून वाचली.

"पंचवीस सभासदांच्या सह्या. त्यानंतर पहिली बैठक, संघाच्या निरीक्षकासमोर. किमान पंधरा सभासद प्रत्यक्ष हजर. हे सगळं जानेवारीअखेर. नाही जमलं तर अर्ज रद्द, आणि पुन्हा अर्ज तीन वर्षांनी."

"जमवू," नलकांडे म्हणाले.

"सह्या जमतील हो," पट्टलवार म्हणाले. आवाजात कुजकटपणा नव्हता, पण डोळे मिस्कील होते. "बैठक कशी जमवणार? तुम्ही बैठकीला आलात तर वाचनालय बंद. वाचनालय उघडलंत तर बैठक बंद. मला या गटाची अडचण समजते आहे, मॅडम. ती अडचण हाच तर गट आहे."

नलकांड्यांना एसटी गाठायची होती म्हणून गटाच्या निमंत्रकाच्या जागी माझं नाव लिहिलं गेलं. आयुष्यात मी चारचौघांत उभं राहून एक वाक्यही बोलले नव्हते.

संघाच्या वार्तापत्रात चार ओळींचं निवेदन छापून आलं आणि महिन्याभरात माझ्या पत्त्यावर एकेचाळीस पत्रं आली. पोस्टमन विचारू लागला, "मॅडम, लग्न-बिग्न जमलं का घरात?" निवेदनात सही मागितली होती एवढीच, पण नुसती सही एकानंही पाठवली नाही. एकानं लिहिलं होतं, बारा वर्षांत आपण एकदाही पुस्तक मागणाऱ्याला न थांबवता सलग जेवलेलो नाही. दुसऱ्यानं लिहिलं होतं, दारावर 'पाच मिनिटांत येतो' ही पाटी लावून मी स्वतःच्या साखरपुड्याला गेलो होतो. मी ही पत्रं रात्रीच्या जेवणानंतर आईला वाचून दाखवायची आणि आम्ही दोघी हसून लोळायचो.

अडचण मात्र पट्टलवार म्हणाले तीच होती. कॉलेजवाल्यांना रविवारी सुट्टी, तर सार्वजनिक वाचनालयांना सोमवारी. साखर कारखान्याचं वाचनालय बुधवारी बंद, एका जिनिंग फॅक्टरीचं शुक्रवारी, आणि एकाच्या गावचा बाजार गुरुवारी म्हणून त्याची सुट्टी गुरुवारी. मी वहीत सात रकाने आखले. कुठल्याही रकान्यात सातच्या वर नावं जाईनात. शेवटी नलकांड्यांचं कार्ड आलं. त्यावर एवढंच होतं: "सव्वीस जानेवारी. झेंडावंदन झालं की सगळ्यांना सुट्टी."

जागा ठरली मलकापूर. रेल्वे होती, एसटी होती, आणि मुख्य म्हणजे तिथल्या वाचनालयाचे शेख रऊफ यांनी कळवलं होतं की चहा-पोह्यांची काळजी करू नका.

सव्वीस जानेवारीला आठचं झेंडावंदन आटोपून मी नऊची एसटी धरली आणि एक वाजता मलकापूरला उतरले. रऊफभाई सांगितल्याप्रमाणे पोह्यांच्या पातेल्याशी उभे होते. साठीला आलेले, पांढरी दाढी, झेंडावंदनाचा कडक इस्त्रीचा सदरा. शेजारच्या टेलरकडून त्यांनी खुर्च्या आणल्या होत्या.

"बसा ताई. निरीक्षक येऊन बसलेत आत."

डॉ. पट्टलवार स्वतःच निरीक्षक म्हणून आले होते. समोर उपस्थितीची वही, शेजारी उघडलेलं पेन.

दोन वाजता नऊजण झाले. अडीचला बाराजण. बोदवडच्या वाचनालयाच्या मंगलाबाई बऱ्हाटे आल्या त्या आल्या बोलतच. चाळिशीच्या, ठसठशीत, खांद्याला कापडी पिशवी. "मुलांचं लेझीम संपता संपेना. मी म्हटलं, भारतमाता समजून घेईल, मी निघते." साडेतीनला आमच्या कामाची शेवटची एसटी येऊन गेली तेव्हा वहीत चौदा सह्या होत्या.

नलकांडे नव्हते.

चौदाजण खुर्च्यांवर बसून दाराकडे बघत होते, आणि गंमत अशी की कोणालाही वेळ जड जात नव्हता. कोणी उसवलेली पुस्तकं कशी शिवायची ते सांगत होतं, कोणी पुस्तकं परत न करणाऱ्या सरपंचाची कथा. ज्याला बारा वर्षांत सलग जेवता आलं नव्हतं तो तिसऱ्यांदा पोहे घेत होता आणि मधे कोणी काही मागत नाही म्हणून अस्वस्थ होत होता. मी मात्र पट्टलवारांच्या पेनाकडे बघत होते.

"रऊफभाई, सरांच्या कारागृहात फोन करून बघता का?" मी म्हटलं.

रऊफभाई कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जाऊन आले. त्यांचा चेहरा गोंधळलेला होता.

"सर तिथंच आहेत म्हणतात. गेटवर बसलेत."

"गेटवर कशाला?"

"तेवढं विचारेपर्यंत फोन कटला."

मंगलाबाईंनी कपाळाला हात लावला. "आपण इथं जिवाचं रान करून आलो, आणि हे गेटवर बसलेत."

चार वाजता रऊफभाई पुन्हा गेले. या वेळी ते जवळजवळ पळतच आले. "निघाले. स्टेशनाकडे गेले. म्हणजे चारची पॅसेंजर. ती इथं पावणेसहाला लागते."

पट्टलवारांनी घड्याळ पाहिलं. "पावणेसहाची पॅसेंजर? अकोल्याला जाणारी?"

"हो."

"तीच माझी गाडी आहे. तिच्यानंतर मला सोयीची गाडी नाही."

नलकांडे ज्या गाडीतून उतरणार, त्याच गाडीत पट्टलवार चढणार. सव्वापाचला पट्टलवारांना इथून निघावं लागणार होतं.

"मला वाईट वाटतं," पट्टलवार म्हणाले, आणि ते खरं होतं. "वहीत चौदा आहेत. मी चौदा लिहीन."

"तिथं पंधरा लिहिलं तर कोणाला कळणार आहे, सर?" मागून कोणीतरी म्हणालं.

"मला कळेल," पट्टलवार म्हणाले. "आणि तुम्हा चौदाजणांनाही."

मला आजही नीट सांगता येत नाही की मी उभी कशी राहिले. एवढं आठवतं की खुर्ची मागे पडली आणि रऊफभाईंनी ती उचलली.

"सर," मी म्हटलं, "सभा संपली असं कोण जाहीर करतं?"

"अध्यक्ष. म्हणजे आज निमंत्रक. तुम्ही."

"मी केलेली नाही. आणि सभेची जागा बदलता येते का?"

पट्टलवारांनी माझ्याकडे बघितलं. मग खिशातून पुस्तिका काढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि पानं उलटली. बऱ्याच वेळानं म्हणाले, "उपस्थितांपैकी दोन तृतीयांश सभासदांची संमती असल्यास, सभेचं कामकाज खंडित न करता, स्थळ बदलता येईल."

चौदा हात वर गेले. माझा धरून.

"कामकाज खंडित न करता," पट्टलवारांनी बोट वर करून आठवण करून दिली.

म्हणून आम्ही मलकापूरच्या रस्त्यावरून सभा चालवत निघालो. पुढे वही छातीशी धरून डॉ. पट्टलवार, मागे आम्ही. रजेच्या काळात बदली माणूस मिळावा हा ठराव मंगलाबाईंनी भाजीबाजारासमोर मांडला, आणि कारखान्याच्या ग्रंथपालानं त्याला सायकलच्या दुकानापाशी अनुमोदन दिलं. रस्त्यात खेळणारी, खिशाला कागदी झेंडे लावलेली पोरं आमच्या बाजूनं चालू लागली. एका भाजीवाल्या बाईनं विचारलं, "कशाचा मोर्चा हाय, ताई?"

"मोर्चा नाही. सभा आहे," मी म्हटलं.

"मंग बसून घ्या की," ती म्हणाली.

हसू आवरत आवरत मी पुढचा विषय पुकारला.

फलाटावर गेटजवळच्या तिकीट तपासनीसानं आमचा घोळका पाहून टोपी सरळ केली. "कोण येतंय? मंत्री?"

"ग्रंथपाल," रऊफभाई म्हणाले.

गाडी वीस मिनिटं उशिरा होती. त्या वीस मिनिटांत आम्ही आणखी एक ठराव केला, की कोणाच्या गैरहजेरीत त्याच्या पुस्तकांची पोती केली जाऊ नयेत. मी तो वाचताना मधेच थांबले, तेव्हा मंगलाबाईंनी माझ्या हातातून कागद घेतला आणि उरलेला त्यांनी वाचला. माझ्या पोत्यांचं त्यांना काही सांगितलेलं नव्हतं.

मग सिग्नल पडला. पॅसेंजर आली, डबे एकेक करून समोरून गेले, आणि अगदी शेवटच्या डब्याच्या दारात नलकांडे लोंबकळताना दिसले. गाडी थांबायच्या आत त्यांनी उडी टाकली आणि धावायला सुरुवात केली. आम्ही इकडून धावलो. पट्टलवार मात्र धावले नाहीत. समोरच्या डब्याच्या पायरीवर ते चढून उभे राहिले, वही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.

"इकडे या," ते म्हणाले. "इथं. पंधरा नंबर."

नलकांड्यांना धाप लागली होती. त्यांनी पट्टलवारांच्या गुडघ्यावर वही टेकवून सही केली. गाडीनं शिट्टी दिली. पट्टलवारांनी त्या सहीवर समाधान मानलं नाही. बोट फिरवत फिरवत त्यांनी आम्हा सगळ्यांना मोजलं.

"पंधरा," ते म्हणाले. "सहा वाजून नऊ मिनिटं. संख्या पूर्ण."

गाडी हलली. पायरीवर उभे राहूनच ते दूर जाऊ लागले. "अध्यक्ष," त्यांनी तिथून हाक मारली, "आता सभा संपवायला हरकत नाही."

"अजून एक सभासद बोलायचे राहिलेत, सर," मी ओरडले. त्यांनी वही हलवली. त्यांना ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

गाडी गेल्यावर फलाट एकदम मोकळा झाला. मंगलाबाई कमरेवर हात ठेवून नलकांड्यांसमोर उभ्या राहिल्या.

"आता सांगा. गेटवर बसून काय करत होता?"

नलकांडे बाकावर टेकले. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "आज आमच्याकडचे नऊजण सुटले," ते म्हणाले. "सव्वीस जानेवारीची माफी. सुटणाऱ्याकडून ग्रंथालयाचं पुस्तक जमा करून घ्यावं लागतं, नाहीतर त्याचे कागद पुढे सरकत नाहीत. आठजणांनी साडेदहालाच दिलं. नवव्याची साठ पानं राहिली होती."

"मग?"

"तो म्हणाला, सर, साठच पानं आहेत. सहा वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याला सहीही येत नव्हती. माझ्यापाशीच अक्षरं शिकला. आता चारशे पानांचं पुस्तक धरलं होतं आणि साठ पानं राहिली होती. जेलरसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, सुटलेल्या माणसाला मी आत ठेवू शकत नाही. आणि पुस्तक सरकारी, ते बाहेर नेता येत नाही."

आम्ही सगळे त्यांच्याभोवती उभे होतो. कोणी बसलंही नव्हतं.

"मग मीच पुस्तक घेऊन गेटबाहेर गेलो. तिथं बाक आहे, भेटीला येणाऱ्यांसाठी. त्यावर तो बसला, शेजारी मी. म्हणजे पुस्तक माझ्याच ताब्यात. त्याची बायको आली होती न्यायला. तीही बसली. तो बोट ठेवून वाचतो, जरा हळू. साठ पानांना पाच तास लागले."

"आणि बायको काही बोलली नाही?" मंगलाबाईंनी विचारलं.

"म्हणाली, सहा वर्षं थांबले, साठ पानांचं काय." नलकांडे माझ्याकडे वळले. "तुम्ही इकडे वाट बघत असणार, ते कळत होतं मला, ताई. पण उठता येईना."

मला वाटतं, आमच्यापैकी एकालाही तेव्हा राग आला नाही. रऊफभाई दाढीवरून हात फिरवत रुळांकडे बघत राहिले. आमच्यातला कोणीही त्या बाकावर असता तर तोही उठला नसता, आणि त्याला उठता आलं नाही हे समजणारी माणसं आजवर एका जागी कधी जमलीच नव्हती. गट कशाला हवा, असं पुढे मला कार्यकारिणीत कोणी विचारलं की मी पोत्यांची गोष्ट सांगत असे. खरं तर मला ही सांगायची असे.

"संपलं का मग पुस्तक?" मंगलाबाईंनी विचारलं. आवाज बराच खाली आला होता.

"संपलं. शेवट काही पटला नाही म्हणाला. विचारत होता, दुसरा भाग आहे का. आमच्याकडे तर नाही."

"गाव कुठलं त्याचं?"

"बोदवडकडचा आहे. याच गाडीनं आलो आम्ही. तो अलीकडे उतरला."

मंगलाबाईंनी पुस्तकाचं नाव विचारलं. नलकांड्यांनी सांगितलं. त्या क्षणभर डोळे मिटून उभ्या राहिल्या, जणू आपल्या कपाटांसमोरून चालत होत्या.

"आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कपाटात, खालून दुसरा कप्पा. त्याला कळवा, साडेआठला उघडते मी."

नलकांडे घुटमळले. "कुठून आला ते..."

"माझ्याकडे येणाऱ्याला मी पुस्तकाचं नाव विचारते, सर. बाकी काही विचारत नाही."

मग मी सभा संपल्याचं जाहीर केलं. ते कोणी ऐकलं नाही. रऊफभाई उरलेल्या पोह्यांचा डबा घेऊन आलेच होते. नलकांडे सकाळपासून उपाशी होते. ते जेवत असताना सगळे पुन्हा एकदम बोलू लागले, आणि आठच्या एसटीपर्यंत आम्ही तिथंच होतो.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पोस्टमननं मला एकाच दिवशी दोन टपालं दिली. एक लांब लिफाफा संघाचा. एकहाती ग्रंथपाल गटास मान्यता, खाली डॉ. पट्टलवारांची सुबक सही. दुसरं मंगलाबाईंचं कार्ड. मी कार्ड आधी वाचलं.

"सप्रेम नमस्कार. ते गृहस्थ आले होते. बरोबर बायको होती. वर्गणी भरून दुसरा भाग नेला आणि अकरा दिवसांत परत केला. त्यांना तोही शेवट पटलेला नाही. आता काय देऊ, ते नलकांडे सरांना विचारून कळवावे."